सतरंजीचं दुसरं टोक

हाउकिनिएमीच्या किनाऱ्यावर, सरोवरात हळूहळू उतरत जाणाऱ्या काँक्रीटच्या उताराच्या कठड्यावर, सकाळी पावणेआठ वाजता कोणीतरी ओली सतरंजी टाकली होती, आणि ती पाहून हेल्का वूओरेलाची सायकल थांबली. सायकल थांबली असंच म्हणायला हवं, कारण आपण ब्रेक दाबल्याचं हेल्काला नंतर कधीच आठवलं नाही. नगरपालिकेच्या मोकळ्या जागा विभागात ती मुख्य आरेखक होती, वय चौपन्न, आणि हा उतार तिचा होता. एकास वीस. वीस पावलं चाललं की एक पाऊल खाली. चाकाची खुर्ची स्वतःच्या हातांनी ढकलत पाण्यापर्यंत जाता यावं आणि परतही येता यावं म्हणून. त्या उताराला, त्याच्या बाजूच्या अर्धगोल पायऱ्यांना आणि पायऱ्यांवर समोरासमोर तोंडं करून मांडलेल्या बाकांना मिळून पाच वर्षांपूर्वी एक पुरस्कार मिळाला होता. तो काचेचा होता आणि त्यावर ‘भेटीचा किनारा’ असं कोरलेलं होतं. आंधळे, पांगळे, म्हातारे, बाबागाड्या ढकलणारे, परदेशातून आलेले, एकटे, कोणालाही वगळायचं नाही, अशी ही जागा होती. आणि तिने खरोखरच कोणालाही वगळलं नव्हतं. कोणीच येत नव्हतं. सरसकट.

सतरंजी लाल-काळी होती, मध्ये मोहरीच्या रंगाचा एक पट्टा. चिंध्यांचीच, मागावर विणलेली. जुने शर्ट, पडदे, चादरी फाडून त्यांच्या पट्ट्यांची विणतात तशी. पाणी कठड्यावरून उतारावर ठिबकत होतं आणि उतारावरून, न साचता, न घाई करता, खाली निघालं होतं. हेल्काच्या मनात आधी आलं ते हे, की उतार बरोबर पडलाय. मग वारा फिरला आणि पाइनच्या राळेच्या साबणाचा वास आला. त्या वासाचं न्हाणीघर. आईचं, तिसऱ्या मजल्यावरचं, दोन माणसं उभी राहिली तर एकाने श्वास रोखायचा एवढं. पाच वर्षांपूर्वीचा असाच जून. फरशीवर बसलेली आई, एक पाय चुकीच्या दिशेला, चेहरा मात्र बसची वाट पाहणाऱ्या माणसासारखा. ‘घसरले,’ ती म्हणाली होती, आणि त्या विषयावर त्यानंतर आजतागायत एक शब्द नाही. मांडीचं हाड मोडलं होतं. ते जुळलं, पण आई पुन्हा उभी राहिली नाही. ती चाकाच्या खुर्चीत बसली आणि खुर्ची खिडकीशी. हेल्काने न्हाणीघरात लगोलग आधाराचे तीन दांडे बसवून घेतले, नियमात दिलेल्या उंचीवर, अगदी मिलिमीटर धरून. आईने त्यांवर टॉवेल वाळत घातले. पण त्या दिवशी टबमध्ये काहीतरी होतं. काहीतरी जड, ओलं, पट्ट्यापट्ट्यांचं. रुग्णवाहिका गेल्यावर हेल्काने ते पिळून प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबलं होतं आणि तळघरातल्या कपाटात नेऊन ठेवलं होतं. पुरस्कार मिळून तेव्हा तीन आठवडे झाले होते. घरी सारखे फोन येत होते. अशा वेळी पिशवीत काय कोंबलं याचा विचार कोण करतं?

“हात लावू नकोस गं, ओली आहे. कंबर धरेल.”

कठड्यामागून एक बाई वर आली. सत्तरी कधीच ओलांडलेली, रबरी बूट, एका हातात बादली, दुसऱ्या हातात लांब दांड्याचा ब्रश.

“इथे सतरंज्या धुवायला मनाई आहे,” हेल्का म्हणाली. शिंक निघावी तसं ते तिच्या तोंडून निघालं.

“माहीत आहे. फलक वाचलाय मी. साबण त्याच्यावरच ठेवलाय.” बाईने बादली खाली ठेवली. “पण हा उतार ज्याने कोणी बांधला ना, तो माणूस हुशार. बघ, पाणी कसं निथळतंय. आणि हातगाडीवरून ओली सतरंजी वर आणताना दम लागत नाही. बाकीचं सगळं कोणत्या गाढवाने बांधलं, ते मात्र मला एकदा विचारायचंय.”

“दोन्ही एकाच माणसाने बांधलं.”

बाईने तिच्याकडे नीट पाहिलं. मग सायकलच्या टोपलीतल्या नगरपालिकेच्या फायलींकडे पाहिलं.

“होतं असं कधीकधी,” ती म्हणाली. “मी इर्मेली. पूर्वी इथे फळ्यांचा धक्का होता, सतरंज्या धुवायचा. तिसरं टेबल माझं. चौथं लेम्पी वूओरेलाचं. बावीस उन्हाळे. पाणी पिळायच्या चरकातून सतरंजी काढायची तर एकटीचं काम नाही ते. एकीने दांडा फिरवायचा, दुसरीने टोक धरायचं. लेम्पीसारखं टोक धरणारी बाई मी पाहिली नाही. ढिलं नाही, ओढूनही नाही.”

“लेम्पी माझी आई.”

इर्मेलीने हातातला ब्रश कठड्याला टेकवला.

“आहे ना?”

“आहे. घरी असते. चालता येत नाही.”

“मग तिला सांग, तिचा ब्रश माझ्याकडे आहे. धक्का पाडायला माणसं आली त्या दिवशी उचलून आणला.”

“तिच्या घरी का नाही गेलात तुम्ही? पाच वर्षं झाली.”

“घरी?” इर्मेलीला प्रश्नच कळेना. “काय म्हणून जाऊ? काही काम नव्हतं.”

हेल्काने सायकल पुढे ढकलली, पण बसली नाही. चालत निघाली, चढावरून, बर्चच्या झाडांखालून, आणि चालता चालता ‘काय म्हणून जाऊ’ हे तीन शब्द तिच्याबरोबर चालले, दुसऱ्या माणसासारखे. धक्का पाडायच्या आधी प्रश्नावली काढली होती. तिनेच. रीतसर, तीन भाषांत, मोठ्या अक्षरांत. प्रश्न सातवा: ‘या ठिकाणी तुम्ही इतरांना भेटायला येता का?’ एकशे बारा उत्तरं आली आणि एकशे बारा जणांनी ‘नाही’ लिहिलं. एवढं एकमत त्या विभागाने त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. मग अहवाल लिहिणं सोपं होतं: सदर जागी सामाजिक संपर्क होत नाही, फळ्या निसरड्या आहेत, चाकाच्या खुर्चीला वाव नाही, साबणाचं पाणी सरोवरात जातं, तरी सदर धक्का काढून तिथे भेटीसाठी जागा निर्माण करावी. शेवटची तीन कारणं खरीच होती, म्हणून पहिल्याकडे कोणी पाहिलं नाही. आणि त्या एकशे बारांत एक उत्तर निळ्या शाईत होतं, अक्षर उजवीकडे झुकलेलं, अक्षर ओळखून हेल्का तेव्हा कचेरीत एकटीच हसली होती: ‘नाही. सतरंज्या धुते.’ हसून तिने ते ‘नाही’च्या गठ्ठ्यावर ठेवलं. आता चढावर तिला दम लागला, आणि तो चढाचा नव्हता. स्वतःच्या आईला ओळखायला जन्म जातो म्हणतात, पण तिने तर आईला ओळखून, मोजून, गठ्ठ्यावर ठेवलं होतं. हेल्का स्वतःही याच मातीची होती. वडील गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी, जुन्या बैठ्या घरी, शेजारचा म्हातारा दारात आला होता तो रडायला नाही, सांत्वनाला नाही. ‘तुमच्या छपराची पन्हळ गळतेय’ म्हणाला होता, शिडी लावून दोन तास पन्हळ ठोकत बसला होता, आणि आईने त्याला खालून खिळे दिले होते, एकेक. ती पन्हळ गळत नव्हती. दोघांनाही माहीत होतं. अशा माणसांच्या देशात तिने समोरासमोर बाक मांडले होते. फिनलंडमध्ये, अनोळखी माणसाच्या डोळ्यांत बघत बसायला, वर दिवा लावून.

दहा वाजता समितीची बैठक होती. विषय एकच: भेटीचा किनारा ओस का पडला आणि त्यावर उपाय. विभागप्रमुख काउको उपाय घेऊनच आला होता. काउको कधीही रिकाम्या हाताने येत नसे. पडद्यावर झोक्यांचं चित्र आलं. साधे झोके नव्हते. झोक्यावर कोणी बसलं की झोका आपण होऊन चार भाषांत विचारणार होता, ‘नमस्कार! आज कसं वाटतंय?’ समितीतल्या सात माणसांनी ते चित्र पाहिलं आणि सातही जणांच्या चेहऱ्यावर, क्षणभर, झोक्यावरून उतरून पळत सुटलेल्या माणसाचा भाव आला. मग त्यांनी माना डोलावल्या. चित्र सुरेख होतं. समोर कॉफी होती, वेलचीचा पाव होता, भिंतीवरच्या कपाटात तिचा काचेचा पुरस्कार होता आणि त्याच्या काचेत ती स्वतः उलटी आणि लहान दिसत होती. गप्प बसलं तर कोणी काही म्हणणार नव्हतं. निवृत्तीला अकरा वर्षं. झोके लागतील, झोके बोलतील, झोके गंजतील. आणि आई खिडकीशी. इर्मेली फलकावर साबण ठेवून चोरासारखी धुणार, आणखी दोन उन्हाळे, तीन, मग तीही कुठल्यातरी न्हाणीघरात, फरशीवर, एक पाय चुकीच्या दिशेला. हेल्का उठली. उठल्यावर तिला कळलं की आपण हात वर केलेला नाही.

“झोके नकोत,” ती म्हणाली. “माझं चुकलं. तिथे सतरंज्या धुवायची जागा परत करायची.”

कोणीतरी चमचा बशीत ठेवला.

“हेल्का,” काउको हळुवारपणे म्हणाला. तो वाईट माणूस नव्हता, नुसता वेळेवर येणारा होता. “त्या जागेला पुरस्कार आहे. पुरस्कार मिळालेली जागा चुकीची नसते.”

“ती बरोबर आहे. माणसं तिथे येत नाहीत एवढंच.”

“पण धक्क्यावर तरी कुठे भेटत होती? त्यांनीच लिहून दिलंय. एकशे बारा जणांनी. प्रश्नावली तुझीच.”

“प्रश्न चुकीचा होता. काउको, तू दर मे महिन्यात भावाकडे जातोस ना, पलीकडच्या बेटावर?”

“जातो.”

“कशाला?”

“लाकडं फोडायला. हिवाळ्याची.”

“किती वर्षं?”

“सव्वीस.”

“भावाला भेटायला गेलायस कधी?”

काउकोने विचार केला. प्रामाणिकपणे केला, ते दिसत होतं. “भेटायला असा नाही गेलो.”

“तुमच्या घराला चूल आहे?”

“नाही.”

“भावाच्या?”

काउकोने कॉफीच्या कपात पाहिलं. “त्याच्याकडे विजेची शेगडी आहे. गेली पंधरा वर्षं.”

“मग ती लाकडं?”

त्याने कप बाजूला सरकवला. “रचून ठेवतो आम्ही,” काउको म्हणाला. “गोठ्यामागे. खूप झालीत.”

आता खोलीत पडद्याकडे कोणीच पाहत नव्हतं. सात माणसं मनाने आपापल्या लाकडांपाशी गेली होती. एक जण मेहुण्याबरोबर जाळं दुरुस्त करत होता, जे विकत आणलं तर स्वस्त पडलं असतं. एक बाई बहिणीबरोबर जंगलात ब्लूबेरी वेचत होती, पन्नास पावलांचं अंतर राखून, सबंध दिवस. हे सगळं हेल्काला दिसत होतं असं नाही. पण चेहरे तिला ओळखता येत होते, सकाळपासून तिचाही तसाच झाला होता. ती बोलत गेली. एवढं सलग ती लग्नातही बोलली नव्हती. माणसाला माणूस हवा असतो, पण आम्हाला मध्ये काहीतरी लागतं, ओलं आणि जड, दोघांनी धरल्याशिवाय न उचललं जाणारं. सहा हौद हवेत, तीन उंचींचे. बुटक्या हौदाखाली गुडघे जातील एवढी पोकळी, म्हणजे खुर्चीत बसून धुता येईल. दोन रुळांचे चरक, दांडा बसल्या हाताला पोचेल असा. वलणीही खाली-वर होणारी. साबणाचं पाणी सरोवरात नाही, गटारात. आणि उतार राहील, कारण ओल्या सतरंजीच्या हातगाडीला आणि चाकाच्या खुर्चीला एकच उतार लागतो, हे मला आज सकाळी कळलं, एका बाईने सांगितलं, ती तिथे बेकायदा उभी होती.

“आणि बाक?” काउकोने विचारलं.

“पाण्याकडे फिरवायचे. सगळे एकाच दिशेला.”

हात वर झाले. हात वर करताना कोणी कोणाकडे पाहिलं नाही, आणि ठराव एकमताने मंजूर झाला. बाहेर पडताना काउको जिन्यापर्यंत तिच्या शेजारून चालला. जिन्यावर म्हणाला, “यंदा त्याने आणखी दोन झाडं पाडून ठेवलीत.” हेल्काने मान डोलावली. सरकारी भाषेत याला आलिंगन म्हणायला हरकत नाही.

संध्याकाळी ती आईकडे गेली, तळघरातून जाऊन. पिशवी तिने स्वयंपाकघराच्या जमिनीवर ठेवली. आईने पिशवीकडे पाहिलं, मग खिडकीबाहेर, मग परत पिशवीकडे.

“वास मारत असेल,” आई म्हणाली.

“मारतोय. त्या दिवशी तू न्हाणीघरात सतरंजी धूत होतीस.”

“हो.”

“मला सांगितलं का नाहीस, आई?”

“तू विचारलं नाहीस. आणि तुला ते काचेचं नुकतंच मिळालं होतं. छान दिसत होतीस तू फोटोत.”

हेल्काला काही बोलायचं होतं, माफीसारखं. पण त्या घरात माफीची भांडी कधी वापरात नव्हती, ती कुठे ठेवली असतील हेही कोणाला माहीत नव्हतं. ती म्हणाली, “इर्मेली भेटली. तुझा ब्रश तिच्याकडे आहे.”

आईचे हात खुर्चीच्या हातांवर होते. ते हलले.

“तिला म्हणावं, केसांवर उभा ठेवू नकोस. वाकतात.”

“तिला घरी बोलावू का?”

“कशाला?” आई म्हणाली. “काही काम आहे का?”

काम निघायला एक वर्ष लागलं. हौद ओतायचे होते, नळ आणायचे होते, समोरासमोरचे बाक उपटून फिरवायचे होते. एक बाक उलटा बसवला गेला, झुडपांकडे तोंड करून, आणि पहिल्या दिवसापासून तोच सगळ्यात जास्त वापरला गेला. पुरस्कार देणाऱ्या संस्थेने दुःख व्यक्त करणारं पत्र पाठवलं. हेल्काने ते कपाटात काचेच्या पुरस्काराखाली ठेवलं, तो डगमगत होता तो त्यामुळे नीट बसला.

मग जून आला. युहान्नुसचा, भर उन्हाळ्याचा सण आठवड्यावर आला, आणि त्याच्या आधी घरातल्या सतरंज्या धुऊन झाल्या पाहिजेत हे या शहरात सांगावं लागत नाही. सकाळी नऊला सहाही हौदांपाशी माणसं होती आणि उतारावर हातगाड्यांची रांग. ब्रशांचा आवाज, पाण्याचा आवाज, पाइनचा वास एवढा की वाऱ्यालाच साबण लावल्यासारखा. हेल्का आईची खुर्ची घेऊन वर उभी राहिली, तर आईने तिचा हात खुर्चीवरून बाजूला केला. “उतार मला कळतो,” म्हणाली, आणि एकटीच खाली गेली, स्वतःच्या हातांनी, मांडीवर वास मारणारी पिशवी घेऊन. वीस पावलांना एक पाऊल. हेल्का मागे उभी राहून पाहत होती आणि तिच्या मनात सगळ्यात आधी आलं ते हे, की उतार बरोबर पडलाय. या वेळी तिने ते मनात राहू दिलं.

“हा बुटक्यांचा हौद कोणासाठी ठेवलाय गं?” इर्मेली ओरडली.

“माझ्यासाठी,” लेम्पी म्हणाली. “आणि दोन वर्षांनी तुझ्यासाठी. ब्रश दे.”

इर्मेलीने ब्रश दिला. सहा वर्षं झाली होती. दोघी एकमेकींना काही विचारत बसल्या नाहीत. लेम्पीने ब्रशाचे केस बोटांनी तपासले आणि नाकाने आवाज केला.

“वाकवलेस.”

“तुझ्या घासण्यानेच वाकलेत.”

पलीकडच्या हौदावर हाव्हो होती, शहराची सात नंबरची बस चालवणारी, सोमालियातून येऊन या शहरात तिला वीस वर्षं झाली होती. तिचा गालिचा हौदात मावत नव्हता. अर्धा जमिनीवर होता.

“अगं, घरातली फरशीच उचलून आणलीस की काय?” इर्मेली म्हणाली.

“तुमच्या चिंध्यांपेक्षा बरा,” हाव्हो म्हणाली. “आणि तोंडाने धुतला जात नाही, मावशी. ते टोक धरा.”

इर्मेलीने टोक धरलं. दोघी रबरी बूट घालून त्या गालिच्यावर चढल्या आणि तुडवू लागल्या, तोंडं पाण्याकडे, कोपराला कोपर न लागेल एवढं अंतर राखून. लेम्पीच्या सतरंजीतून सहा वर्षांचं काळं पाणी निघालं, मग करडं, मग साबणाचं, आणि मग एकाएकी हेल्काच्या वडिलांच्या टपालखात्याच्या शर्टाचा निळा पट्टा वर आला, कालच फाडल्यासारखा निळा. लेम्पीने तो पट्टा दोनदा घासला. बाकीच्या पट्ट्यांपेक्षा जास्त नाही.

अकराला काउको आला. हातात पाटीसारखा संगणक, काखेत गुंडाळलेली सतरंजी. “नवीन जागेचं सर्वेक्षण करायचं असतं,” तो सतरंजीकडे न बघता म्हणाला. प्रश्नावली जुनीच होती. नवीन मंजूर व्हायला तीन वर्षं लागतात. तो हौदाहौदाने फिरला. “या ठिकाणी तुम्ही इतरांना भेटायला येता का?”

“नाही,” इर्मेली गालिच्यावरून म्हणाली. “तुला काय दिसतंय?”

“नाही,” हाव्हो म्हणाली. “हा धुवायला.”

“नाही,” लेम्पी म्हणाली. “पाय बाजूला घे, भिजशील.”

काउको नोंदत गेला. वीस, तीस, चाळीस. दुपारपर्यंत त्याचा चेहरा लाल झाला होता, उन्हाने असेल. “शंभर टक्के,” तो हेल्काला येऊन म्हणाला, आणि त्याच्या आवाजात असा अभिमान होता की जणू जगज्जेत्याचा ढाल-करंडक त्यानेच आणला. “एकानेही हो म्हटलेलं नाही. असं यश या विभागाला...” त्याने पाटीवर पुढची ओळ उघडली. “एक तूच राहिलीस. या ठिकाणी तू इतरांना भेटायला येतेस का?”

आई चरकाचा दांडा फिरवत होती, बसल्या बसल्या, खांद्यापासून, जुन्या लयीत. रुळांमधून सतरंजी निळा पट्टा पुढे करून येत होती, जड, सपाट, पाणी सोडत. तिच्या दुसऱ्या टोकाला हेल्का होती. तिने टोक ढिलं धरलं नव्हतं, ओढूनही नाही.

“नाही,” हेल्का म्हणाली. “माझ्या हातात टोक आहे.”